परसातली भाजी बाजारभावाने मोजू नका

प्रश्न : मी साताऱ्याला राहते. शाळेतील नोकरीतून नुकतीच निवृत्त झाले. यजमान माझ्या आधीच निवृत्त झाले असून त्यांचा बहुतेक दिवस टीव्हीसमोर जातो. घराच्या मागे साधारण वीस फूट बाय पंधरा फूट मोकळी जागा आहे. सासूबाई होत्या तेव्हा तेथे न्हाणीच्या पाण्यावर अळू असे आणि मांडवावर दोडका असे. आता नुसते तण आणि विटांचे तुकडे आहेत. पुण्याला असलेल्या मुलाचे म्हणणे आहे की पावसाळ्याआधी तेथे पेव्हर ब्लॉक टाकून घ्यावेत, म्हणजे चिखल होणार नाही आणि तो आला की गाडीही लावता येईल. मला मात्र तेथे भाजीपाला आणि एखादे फळझाड लावावे असे मनापासून वाटते. तो म्हणतो, "आई, बाजारात मेथीची जुडी स्वस्तात मिळते, माती, खत, पाणी आणि तुझे गुडघे यांचा हिशेब केलास तर तीच जुडी शंभर रुपयांना पडेल." त्याच्या या हिशेबाला मला उत्तर देता येत नाही. परसबागेतून खरोखर काय मिळते? सुरुवात कशी करावी? आणि फळझाड एकच लावायचे तर पेरू लावावा की लिंबू?
एक वाचक, सातारा

उत्तर : सप्रेम नमस्कार.

तुमच्या मुलाचा हिशेब चुकीचा नाही, हे आधीच मान्य करून टाकू. पहिल्या वर्षी शेणखत, दोन-तीन अवजारे, बियाणे आणि मांडवाचे बांबू यांवर जो खर्च होईल, तेवढ्या पैशांत मंडईतून भरपूर भाजी आणता येईल. परसबागेमुळे घरखर्चात मोठी बचत होते असे सांगून तुम्ही त्याचे मन वळवू पाहाल, तर वादात तोच जिंकेल. मात्र या हिशेबात एक गोष्ट गृहीत धरलेली आहे, ती अशी की परसातली भाजी आणि बाजारातली भाजी ही एकच वस्तू आहे. माझे सांगणे एवढेच आहे की ती एकच वस्तू नाही, आणि परसबागेचे सगळे सुख या फरकात आहे. हा फरक लक्षात घेऊन काय लावायचे ते ठरवले, तर तीनशे चौरस फुटांची जागा तुम्हाला असे काही देईल जे साताऱ्याच्या मंडईतच काय, पुण्याच्या मोठ्या दुकानातही विकत मिळणार नाही.

बाजारात तीच भाजी टिकते जिला प्रवास सोसतो. व्यापारासाठीचा टोमॅटो लाली चढू लागताच, पुष्कळदा त्याही आधी, तोडावा लागतो, कारण वेलीवर पूर्ण पिकलेला टोमॅटो क्रेटमध्ये दबून फुटतो. मटाराचे दाणे शेंग तोडल्यापासूनच बदलू लागतात. त्यांतील साखरेचे स्टार्चमध्ये रूपांतर होत जाते आणि गोडी दर तासागणिक उतरते. म्हणून सकाळी तोडलेल्या शेंगा दुपारच्या आत सोलून खाल्ल्या तर त्यांची जी चव लागते, ती दोन दिवसांपूर्वी तोडलेल्या आणि गाडीतून आलेल्या मटाराला कोणत्याही भावात येत नाही. भेंडीचे उदाहरण याहूनही बोलके आहे. फूल उमलल्यापासून पाच-सहा दिवसांत भेंडी तोडण्याजोगी होते आणि त्यानंतर दोन दिवस राहिली तर जून होते. शेतकऱ्याला मजूर, वजन आणि गाडीची वेळ पाहून तोडणी करावी लागते. तुम्ही मात्र करंगळीएवढी, शेंडा बोटाने कट्कन मोडणारी भेंडी त्याच दिवशी कढईत टाकू शकता. चिरतानाही तिचा दोरा सुरीला लागत नाही.

दुसरा भाग असा की कित्येक भाज्या बाजारात फारशा येतच नाहीत, कारण त्या तोडल्यावर तासा-दोन तासांत मलूल होतात किंवा त्यांना ठरावीक गिऱ्हाईक नसते. भोपळ्याच्या फुलांची भजी, हादग्याच्या फुलांची भाजी, शेवग्याच्या कोवळ्या पाल्याची भाजी, मायाळूच्या पानांची भजी, चवळीचा कोवळा पाला ही सगळी परसातली खाणी आहेत. मुळा काढायला विसरलात आणि त्याला तुरे येऊन शेंगा धरल्या, तर त्या डिंगऱ्यांची भाजी ज्या पिढीने खाल्ली आहे ती तिच्यासाठी मुळ्याचा नाद सोडून देईल. तुमच्या सासूबाईंच्या हातची अशी एखादी भाजी तुम्हाला आठवत असेल, तर लागवडीची यादी तिच्यापासून सुरू करा. कांदा, बटाटा, कोबी यांच्या वाटेला मात्र जाऊ नका. ते जागा फार घेतात, महिनोन्‌महिने वाट पाहायला लावतात आणि शेवटी जे मिळते ते बाजारातल्याहून फारसे निराळे नसते.

तिसरी गोष्ट पैशांत मांडता येणार नाही, पण तीच लोकांना वर्षानुवर्षे बागेत धरून ठेवते, असे मी पाहत आले आहे. ज्याच्या घरी वेल आहे त्याला पाहण्याची सवय लागते. दोडका आणि घोसाळे ही भावंडे वाटतात, पाने जवळजवळ सारखी, फुले दोन्हींची पिवळी; परंतु घोसाळ्याची फुले सकाळी उमलतात आणि दोडक्याची संध्याकाळी, उन्हे कलल्यावर. दुधीची पांढरी फुलेही दिवस मावळताना उघडतात, कारण त्यांच्याकडे रात्रीचे पतंग येतात. भोपळ्याची फुले याउलट पहाटे उमलून दहा-अकरापर्यंत मिटून जातात. एकाच मांडवावर या चार वेली असतील तर दिवसाच्या दोन्ही टोकांना तेथे काही ना काही चालू असते. भेंडीचे फूल तर एकाच दिवसाचे. फिकट पिवळ्या पाकळ्या, आत गडद किरमिजी डोळा, आणि संध्याकाळी सगळे चुरगळून मिटलेले. हे सगळे पुस्तकात वाचून कळते, पण रोज सकाळी चहाचा कप घेऊन पाच मिनिटे उभे राहिल्यावर ते आपलेसे होते.

आता तुम्ही विचारलेल्या सुरुवातीकडे वळू. आधी एक रिकामा दिवस काढून त्या जागेवर ऊन कोठे आणि किती वेळ पडते ते पाहा. फळभाज्यांना रोज किमान पाच-सहा तास थेट ऊन लागते. पालेभाज्या, अळू, पुदिना आणि गवती चहा यांचे त्याहून कमी उन्हातही भागते. घराची सावली ज्या कडेला राहते तेथे पालेभाज्या घ्या, उन्हाची बाजू फळभाज्यांना द्या आणि मांडव उत्तरेच्या कडेला उभारा, म्हणजे हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडे कलल्यावर वेलींची सावली इतर वाफ्यांवर पडणार नाही.

तुमच्या भागातली माती बहुधा काळी किंवा मध्यम काळी असेल. ती सुपीक असते, पण पावसात चिकट होते, पाणी धरून ठेवते आणि मुळे गुदमरतात. यावर उपाय म्हणजे गादीवाफा. जमिनीपासून वीतभर किंवा त्याहून उंच, तीन फूट रुंद आणि सोयीप्रमाणे लांब असा वाफा करा. तीन फुटांपेक्षा रुंद करू नका, म्हणजे दोन्ही बाजूंनी हात मध्यापर्यंत पोहोचेल आणि वाफ्यावर पाय ठेवावा लागणार नाही. तुमच्या गुडघ्यांचा विचार करता एक वाफा तरी विटांचे चार-पाच थर रचून उंच करून घ्या. शेजारी स्टूल टाकून बसले की खुरपणी, पेरणी, तोडणी सगळे बसल्या जागी होते. तण आणि विटांचे तुकडे काढणे, खणणे आणि वाफे बांधणे हे काम मात्र एखाद्या गड्याला दोन दिवसांची मजुरी देऊन करून घ्या. निवृत्तीनंतरच्या उत्साहात पहिल्याच आठवड्यात कंबर धरून बसलेली माणसे पुढे बागेकडे फिरकत नाहीत.

मातीत एक तृतीयांशाच्या आसपास चांगले कुजलेले शेणखत मिसळा. ताजे शेण घालू नका. त्याच्या उष्णतेने मुळे करपतात आणि मुळे खाणारी हुमणी अळी येते. पुढच्या खताची सोय घरातच आहे. स्वयंपाकघरातील भाज्यांची देठे, साली आणि चहाचा चोथा हा ओला कचरा, आणि वाळलेली पाने हा कोरडा कचरा, असे एकाआड एक थर कोपऱ्यातील विटांच्या छोट्या हौदात घालत जा. ओल्यापेक्षा कोरडे नेहमी जास्त असावे. वास येऊ लागला तर समजावे की पाने कमी पडली. साधारण तीन-चार महिन्यांत काळे, भुसभुशीत, पावसाळी मातीसारख्या वासाचे खत तयार होते. कोल्हापूरचे गणिताचे प्राध्यापक श्री. अ. दाभोळकर यांनी 'प्रयोग परिवार' या प्रयोगशील शेतकऱ्यांच्या गटाच्या माध्यमातून वाळलेल्या पानाचे मोल अनेकांना पटवून दिले आणि त्यांच्यापासून स्फूर्ती घेऊन महाराष्ट्रातील कितीतरी गच्च्या हिरव्या झाल्या. मुंबई पोर्ट ट्रस्टच्या स्वयंपाकघराच्या गच्चीवरील बागही अशाच टाकाऊ पाल्यापाचोळ्यावर वाढली. तुमच्याकडे तर आणखी एक सोय आहे, ती म्हणजे उसाचे पाचट. ओळखीच्या शेतकऱ्याकडून दोन-चार भारे आणून वाफ्यांवर चार बोटे जाड पसरा. त्याने उन्हाळ्यात पाणी निम्म्यावर येते, तण दबते, आणि पावसाच्या थेंबांनी माती उडून पानांवर बसत नाही, त्यामुळे रोगही कमी पडतात.

पाणी रोज ठरलेल्या वेळी घालायचे असते, हा समज सोडून द्या. मातीत दोन पेरांपर्यंत बोट घालून पाहा. ओल लागली तर पाणी नको. परसबागेत झाडे तहानेने मरतात त्याहून जास्त अतिपाण्याने मरतात. टोमॅटोच्या बाबतीत मात्र पाण्याचा नेम ठेवा; एकदा कोरडे, एकदा चिंब असे झाले की मुळांना चुना, म्हणजे कॅल्शियम, नीट उचलता येत नाही आणि फळाचा खालचा भाग काळा पडून कुजतो. लोक त्याला कीड समजून औषधे मारत बसतात.

काय, केव्हा लावायचे यात ऋतूशी भांडू नका. मृगाचा पाऊस पडला की भेंडी, चवळी, दोडका, घोसाळे, काकडी आणि कारले टोचा. तोंडलीची पेन्सिलएवढ्या जाडीची फांदी कोणाकडून तरी मागून आणून लावा. एकदा रुजली की ती वर्षानुवर्षे देते. न्हाणीच्या पाण्याच्या वाटेवर अळू पुन्हा आणा. काळसर देठाचा अळू वड्यांसाठी आणि हिरव्या देठाचा फतफत्यासाठी, असे दोन्ही लावले तर पावसाळाभर ददात नाही. कढीपत्त्याची एकेक पाकळी ओरबाडण्याची सवय असेल तर ती सोडा. शेंडा खुडा, म्हणजे त्याच जागी दोन फांद्या फुटून झुडूप भरते. मेथी, कोथिंबीर आणि पालक यांची घाई पावसात करू नका. आपल्याकडच्या संततधारेत ती पिवळी पडून कुजतात, आणि नवखा माणूस तेथेच हताश होतो. गणपती झाल्यावर, पाऊस ओसरू लागला की मेथी पेरा; तीन-चार दिवसांत उगवते आणि महिन्याच्या आत पहिली तोडणी होते. उपटू नका, दोन बोटे ठेवून कापा, म्हणजे पुन्हा फुटेल. धणे पेरण्याआधी हलके रगडून त्याचे दोन भाग करा, कारण एका धण्यात दोन बिया असतात. दसऱ्यानंतर मुळा, मटार, टोमॅटो आणि वांगी. मिरचीची तीन-चार झाडे घराला पुरून उरतात.

वालाबद्दल थोडे वेगळे सांगायला हवे. आपले जुने, गावठी वाल किंवा पावटा पावसाळ्यात लावला तरी दिवस लहान होऊ लागेपर्यंत फुलत नाही. जून-जुलैत लावलेली वेल ऑक्टोबरपर्यंत नुसती पानांनी माजते आणि घरातील कोणीतरी ती उपटून टाकायला सांगते. उपटू नका. थंडीची चाहूल लागली की तिला पांढरे-जांभळे तुरे येतात आणि संक्रांतीच्या पुढेमागे रोज ओंजळभर शेंगा निघू लागतात. तुमच्या शेजारच्या कोरेगाव तालुक्यातील वाघ्या घेवड्याला, म्हणजे राजम्याच्या एका स्थानिक जातीला, भौगोलिक मानांकन मिळालेले आहे. तो मुख्यतः शेताचे पीक असला तरी ओल्या दाण्यांची उसळ एकदा खाता यावी म्हणून त्याला वीतभर जागा दिली, तर ते मला रास्त वाटेल.

वेलींना प्रथम फक्त नर फुले येतात, तेव्हा घाबरून जाऊ नका. नर फुलाचे देठ साधे असते. मादी फुलाच्या मागे इवलेसे फळ आधीच दिसते. मादी फुले येऊनही ती छोटी फळे पिवळी पडून गळू लागली, तर बहुधा परागीकरण होत नाही असे समजावे. अशा वेळी नर फूल खुडून, पाकळ्या मागे दुमडून, त्यातील पराग मादी फुलाच्या मधल्या भागावर हलकेच टेकवायचा असतो. दोडक्यासाठी ही वेळ संध्याकाळची, भोपळ्यासाठी अगदी सकाळची. हे काम तुम्ही यजमानांकडे सोपवावे, असे मला सुचवावेसे वाटते. त्यांना "जरा मदत करा" म्हणून बोलावू नका, कारण मदतनीसाला जबाबदारी नसते आणि जबाबदारीवाचून गोडी लागत नाही. मांडव पूर्णपणे त्यांचा असू द्या. कोणत्या फुलाला पराग लावला त्याला दोरा बांधणे, किती दिवसांत फळ धरले ते वहीत लिहिणे, तोडणी केव्हा करायची ते ठरवणे हे सगळे त्यांनीच करावे आणि तुम्ही त्यात सूचना करू नयेत. आपण टेकवलेल्या परागातून दुधी धरला आणि तो पाहता पाहता हातभर झाला, हे ज्याने पाहिले त्याला संध्याकाळी मांडवाकडे जाण्यासाठी आग्रह करावा लागत नाही.

कीड येईल, आणि ती आली म्हणजे तुमचे काही चुकले असे नाही. कोवळ्या शेंड्यांवर मावा दिसला तर आधी पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने तो धुऊन काढा आणि दोन-चार दिवस थांबा. लाल-काळ्या ठिपक्यांचे ढालकिडे आणि त्यांच्या मगरीच्या आकाराच्या करड्या अळ्या मावा खातात. बहुतेक लोक या अळ्यांनाच शत्रू समजून चिरडतात. तरीही भागले नाही तर निंबोळी अर्क वापरा. एक लिटर पाण्याला पन्नास ग्रॅम निंबोळीची भरड रात्रभर भिजवून, सकाळी गाळून, त्यात किंचित साबणाचे पाणी मिसळावे आणि उन्हे उतरल्यावर फवारावे. भर उन्हात त्यातील कडू अंश लवकर निकामी होतो, शिवाय सकाळी मधमाश्या कामावर असतात. भेंडीची पाने पिवळ्या जाळीसारखी दिसू लागली तर तो केवडा रोग. पांढरी माशी तो पसरवते आणि त्यावर उपाय नाही. ते झाड उपटून लांब टाका आणि पुढच्या वेळी या रोगाला सहसा दाद न देणारा वाण विचारून घ्या. विषारी कीटकनाशक मात्र घरात आणूच नका, कारण ज्या झाडाची काकडी धुवायलाही न थांबता खावीशी वाटते, त्या झाडावर ते मारण्यात काय अर्थ आहे?

बियाण्याविषयी. पहिल्या वर्षी दुकानातील पाकिटे आणलीत तरी हरकत नाही, पण पाकिटावर 'संकरित' लिहिले असेल तर त्याचे बी पुढच्या वर्षी तसेच उतरत नाही, हे लक्षात ठेवा. शक्य तेथे गावठी, सरळ वाणाचे बी मिळवा. अकोले तालुक्यातील कोंभाळणे गावच्या राहीबाई पोपेरे यांना २०२० मध्ये पद्मश्री जाहीर झाली ती याच कामासाठी. शाळेत न गेलेल्या या बाईंनी आपल्या भागातील वालाच्या आणि इतर भाज्यांच्या जुन्या जाती जपल्या आणि घरोघरी परसबागा उभ्या केल्या. तुमच्याकडील भेंडी, चवळी, वाल आणि टोमॅटो यांचे बी धरणे सोपे आहे. पहिल्या बहरातील सर्वांत निरोगी झाडावरची दोन-तीन फळे खुणेचा दोरा बांधून तशीच जून होऊ द्या. शेंगा झाडावरच वाळू द्या. टोमॅटोचा गर दोन दिवस वाटीत आंबवून, बी धुऊन, सावलीत वाळवा. कोरड्या राखेत मिसळून डबीत ठेवलेले बी पुढच्या मृगापर्यंत उत्तम राहते. दोडका, भोपळा यांच्यात परक्या वाणाचा पराग सहज मिसळतो, म्हणून त्यांचे बी शेजारी दुसरा वाण नसेल तरच धरा.

मुलाशी वाद घालू नका. त्याची काळजी खरी आहे. त्याला तुमचे गुडघे दिसतात आणि पावसाळ्यातला चिखल दिसतो. घराच्या मागच्या दारापासून वाफ्यांपर्यंत दोन फूट रुंदीची पायवाट फरशीची करून घ्या, म्हणजे घसरण्याचा प्रश्न मिटेल. गाडीपुरती जागा पुढच्या अंगणात निघते का ते पाहा. निघत नसेल तर मागच्या जागेतील एक पट्टा त्याला द्या. दोनशे चौरस फूटही तुम्हाला पहिली दोन वर्षे पुरेसे आहेत. मात्र सगळ्या जागेवर ब्लॉक टाकण्याला ठामपणे नकार द्या. एकदा माती दाबून, त्यावर खडी आणि ब्लॉक बसवल्यावर ती पुन्हा जिवंत करायला काही वर्षे लागतात, आणि जे पाणी आज तुमच्या परसात मुरते ते उद्या रस्त्यावर वाहील. तुम्ही त्याच्याकडे पैसे मागत नाही, त्याच्या वेळावर हक्क सांगत नाही. तुमच्या निवृत्तीची पहिली दोन वर्षे तुम्ही या जागेला देऊ इच्छिता, एवढे त्याला सांगा. सुट्टीत तो आला की तोडणीचे काम त्याच्या मुलांकडे द्या. लेकरांना स्वतः तोडलेली भेंडी आवडते, हे त्यालाही दिसेल.

राहिला प्रश्न पेरू की लिंबू. एकच झाड लावायचे असेल तर माझे उत्तर पेरू. लिंबाला काळ्या मातीतील साचलेले पाणी मुळीच सोसत नाही, डिंक्या रोग लागतो, काटे असतात, आणि बाजारातल्या लिंबात आणि घरच्या लिंबात तसा मोठा फरकही नसतो. पेरूचे तसे नाही. झाडावर पिकलेला, देठाशी हिरवा आणि खाली पिवळसर झालेला, वासाने आपण होऊन बोलावणारा पेरू बाजारात येईपर्यंत एक तर मऊ पडतो किंवा कच्चाच आणलेला असतो. वाण निवडताना 'सरदार' अर्थात लखनौ-४९ घ्या. डॉ. जी. एस. चीमा यांनी १९२७ मध्ये पुण्याच्या गणेशखिंड येथील फळसंशोधन केंद्रात तो निवडून काढला. झाड बुटके, पसरट, फांद्या हाताशी, म्हणून परसाला फार सोयीचा. मागे जागा उरलीच तर कडेला उंचवट्यावर पपई लावा. एकाच जागी तीन रोपे लावून फुले आल्यावर उभयलिंगी, म्हणजे एकाच फुलात नर-मादी दोन्ही भाग असलेले, झाड ठेवावे आणि बाकीची काढावीत. पाणी साचले तर ती बुंध्यातून कुजते, म्हणून उंचवटा हवाच.

पेरूला पावसाळ्यात येणारी फळे फळमाशीमुळे किडतात आणि पांचट लागतात. म्हणून झाड मोठे झाल्यावर एप्रिल-मे महिन्यांत त्याचे पाणी तोडा, हलकी छाटणी करा आणि मृगाच्या पावसावर येणारा बहर धरा. ती फळे थंडीत, नोव्हेंबर ते जानेवारीच्या सुमाराला, तयार होतात आणि त्यांची गोडी निराळीच असते. लिंबाएवढी झाली की प्रत्येक फळाला जुन्या वर्तमानपत्राची पिशवी बांधली, तर माशीही लागत नाही आणि पोपटही फसतात.

खड्डा मात्र याच आठवड्यात खणून घ्या. दोन फूट लांब, दोन फूट रुंद, दोन फूट खोल. वरची माती एका बाजूला, खालची दुसऱ्या बाजूला टाका आणि दोन आठवडे तो उन्हात तापू द्या, म्हणजे किडीची अंडी आणि बुरशी मरते. मृगाच्या आधी वरची माती, दोन-तीन पाट्या शेणखत आणि ओंजळभर निंबोळी पेंड यांनी तो जमिनीच्या थोडा वर येईपर्यंत भरून ठेवा. पहिल्या दोन पावसांनी माती खाली बसली की कलम लावा. पिशवी फाडून काढा, मातीचा गोळा फुटू देऊ नका, कलमाचा जोड मातीच्या वर राहील असे पाहा आणि वाऱ्याच्या बाजूला एक काठी रोवून सैल दोरीने बांधा. पहिल्या वर्षी फुले आलीच तर ती खुडून टाका. जिवावर येईल, तरी खुडा. झाडाला आधी मुळे आणि खोड धरू द्यावे, फळ तिसऱ्या वर्षापासून घ्यावे.